‘सामना’ आणि ‘सिंहासन’च्या डीव्हीडी: जोडीनंच घ्या

मागच्या महिन्यात आईसाठी दोन मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी आणल्या, ‘सामना’ (१९७५) आणि ‘सिंहासन’ (१९७९). दोन्ही मिळून ३०० रुपये. ‘सामना’ची प्रत बरी आहे. ‘सिंहासन’ची काळवंडलेली, रात्रीच्या प्रसंगांत चेहरे ओळखू येत नाहीत, आवाज मध्येच बसतो. तरी मी म्हणेन, घ्या. आणि एकटी नको, जोडीनं घ्या.

आई कोरेगावकडची, वय ७६. निळू फुले पडद्यावर आले की ती आजही तोंड फिरवते. “मेल्याची नजरच वाईट.” सेवा दलात घडलेला, पुण्यात माळीकाम केलेला हा साधा माणूस, पण पडद्यावर खलनायक रंगवायचा, म्हणून तिच्या पिढीच्या बायकांनी त्याला पोटभर शिव्या दिल्या. आणि त्याची झळ दुसऱ्यांनाही लागली. आमच्या आळीत एक आप्पा होते. तिरकी टोपी, हातात धोतराचा सोगा, बसका आवाज, अगदी पडद्यावरच्या निळूभाऊंसारखे. आम्ही मुली त्यांच्या ओट्यासमोरून कधी गेलो नाही, लांबच्या बोळानं जायचो. १९७२च्या दुष्काळात त्याच आप्पांनी आमच्या दारात ज्वारीचं पोतं टाकलं आणि पैशाचं नाव काढलं नाही, हे आई मला आत्ता, परवा सांगते! मला फार वाईट वाटलं.

दिग्दर्शक जब्बार पटेलांनी ‘सामना’त फुल्यांना साखर कारखान्याचा धनी हिंदुराव केलं आणि श्रीराम लागूंना “मारुती कांबळेचं काय झालं?” विचारणारा दारुडा मास्तर. चारच वर्षांनी त्यांनी पाट बदलले. ‘सिंहासन’मध्ये लागू मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री, आणि फुले पत्रकार दिगू टिपणीस. गावरान सिनेमांचे लाडके नायक अरुण सरनाईक मुख्यमंत्री!

पहिला अर्धा तास आई दिगूवर डोळा ठेवून होती. “हा आता कायतरी करणार बघ.” तो काहीच करत नाही. फिरतो, ऐकतो, सगळं बघतो आणि आतल्या आत झिजत जातो. तेच जड डोळे, तोच आवाज, पण धाक कुठेच नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा आई हळूच म्हणाली, “बिचारा.” निळूभाऊंसाठी तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

म्हणून आधी ‘सामना’च बघा, क्रम चुकवू नका. आईनं तो नंतर स्वतःहून पुन्हा लावायला सांगितला. आता हिंदुराव बोलायला लागला की म्हणते, आवाज वाढव.