त्वचा, डोळा, आतडं आणि अंकी: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

एमबीबीएसनंतरच्या नीट पीजी या प्रवेश परीक्षेत फोटोवरचे प्रश्न आले की भल्याभल्यांची गाडी अडते. वाचलेलं सगळं असतं, पण चित्र बघून चारातले दोन ऑप्शन सारखेच वाटतात. २०० प्रश्न, २१० मिनिटं आणि चुकलं की एक गुण वजा. इंटर्नशिप लागल्यापासून मी त्वचा, डोळा आणि आतडं हे तिन्ही भाग अंकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपवरच करतेय. अँड्रॉइड आणि लॅपटॉपवर ते फुकट आहे, आयफोनवर पैसे मोजावे लागतात. दिसायला अगदी रुक्ष, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सोडून देणारे बरेच.

आधी तयार डेकबद्दल, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या कार्डांच्या संचाबद्दल. सीनियर-ज्युनियरमध्ये फिरणाऱ्या डेकमध्ये बहुतेक वेळा एका आजाराला एकच फोटो असतो. पंधरा दिवसांत आजार राहतो बाजूला आणि फोटोच पाठ होतो. निळ्या चादरीवरची नडगी दिसली की बोट आपोआप ‘एरिथेमा नोडोसम’वर (नडगीवरच्या दुखऱ्या लाल गाठी) जातं. त्यात फोटो सगळे गोऱ्या कातडीचे. आपल्याकडच्या पेशंटच्या नडगीवर ती लाली कुठली दिसायला? काळपट गाठी दिसतात, आणि हात लावला की पेशंट पाय मागे घेतो. लायकेन प्लॅनस या खाजऱ्या त्वचारोगाचा पुस्तकी जांभळा रंगही आपल्या त्वचेवर करडा-काळा होतो. तेलाचा थेंब टाकून विकहॅमच्या बारीक पांढऱ्या रेषा शोधाव्या लागतात.

म्हणून आता मी स्वतःची कार्डं बनवते, आणि ती जोडीनेच. एरिथेमा नोडोसमच्या शेजारी कुष्ठरोगातलं ईएनएल, म्हणजे तशाच गाठींची रिॲक्शन: पहिलं मुख्यतः नडगीवर, दुसरं हातांवर आणि चेहऱ्यावरही. लाल डोळ्याच्या कार्डावर एकच प्रश्न: लाली बुबुळाच्या कडेला दाट आहे की पापणीच्या आतल्या बाजूला? कडेला असेल तर युव्हायटिसचा (डोळ्याच्या आतली सूज) विचार आधी, मग केपी (कॉर्नियाला मागून चिकटलेले पेशींचे ठिपके) आणि हायपोपियॉन (कॉर्नियामागे तळाशी साचलेला पू) शोधायचं. इमेज ऑक्लूजन इथे फार कामाला येतं. फोटोतला नेमका भाग झाकायचा आणि खाली काय असेल ते आठवायचं. २०२३ पासून ही सोय अंकीतच आहे, वेगळं ॲड-ऑन लागत नाही.

खरा फायदा झाला तो टॅगमुळे. तिन्ही विषय वेगवेगळे वाचले की त्यांचं नातं निसटतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजाराच्या टॅगखाली मी पायोडर्मा गँग्रिनोसम या त्वचेवरच्या जखमेची जांभळट, आतून पोखरलेली कड ठेवली आणि शेजारी एपिस्क्लेरायटिस (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची वरवरची सूज). एपिस्क्लेरायटिस सहसा आतड्याच्या आजाराबरोबर चढतो-उतरतो, युव्हायटिस मात्र स्वतःच्या मर्जीने येतो. परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात. गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात तर तिन्ही एकत्र: आतड्यात पॉलिप, त्वचेवर एपिडर्मॉइड सिस्ट, रेटिनावर गडद डाग.

आतड्याच्या बाबतीत मात्र अंकी मला कमी पडलं. क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज) की आतड्याचा टीबी हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. कार्डावर उत्तर सरळ असतं: आडवे अल्सर आणि उघडी पडलेली इलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप) म्हणजे टीबी; उभे अल्सर, कॉबलस्टोन (दगडी फरशीसारखा उंचसखलपणा) आणि मधेमधे निरोगी भाग म्हणजे क्रोन्स. वॉर्डात दोघांच्या कोलोनोस्कोपीचे फोटो शेजारी ठेवले तरी सर लोकांत एकमत होत नाही. बायोप्सीत केसिएशन (टीबीत दिसणारा चीजसारखा मृत भाग) सापडलं तर ठीक, नाहीतर आधी टीबीची औषधं देऊन वाट बघतात. हे कुठल्या कार्डात बसवणार?

दुसरी मर्यादा स्पर्शाची. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा आणि पिटिरियासिस व्हर्सिकलर हा बुरशीचा आजार फोटोत चकवतात. कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का ते पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. डोळ्यात फेनिलेफ्रिनचे थेंब घातल्यावर एपिस्क्लेरायटिसची लाली कशी ओसरते हेही एका फोटोत दिसत नाही, त्यासाठी व्हिडिओच लागतो. स्किन ओपीडीची पोस्टिंग चालू असताना ही कार्डं केली तर दुप्पट वसूल होतात, हा माझा अनुभव.

रोजची नवीन कार्डं मूळ सेटिंगप्रमाणे वीसच ठेवा. इंटर्नच्या ड्युटीत तेवढीच झेपतात, नाहीतर रिव्ह्यूचा ढीग साचतो. माझ्याकडून त्वचेला आणि डोळ्याला पाचपैकी साडेचार, आतड्याला तीन. तयार डेक विकत घेणार असाल तर आधी आतड्याचाच भाग उघडून बघा. बेरियमचे (बेरियम देऊन काढलेल्या आतड्याच्या एक्स-रेचे) फोटो नसतील, किंवा एका आजाराला एकच चित्र असेल, तर पैसे घालवू नका.