पेलिकन १७५०: आठ राज्यांतून जाणाऱ्या रायफलीची पेटी

कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील पेलिकन कंपनीची ‘१७५०’ ही लांब पेटी अमेरिकेतील नेमबाजांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिची बहुतेक परीक्षणे ती किती उंचावरून टाकली, तिच्यावरून गाडी नेली तेव्हा काय झाले आणि पाण्यात बुडवून ठेवल्यावर आत थेंब शिरला का, याच प्रश्नांभोवती फिरतात. माझी कसोटी वेगळी आहे. मी न्यू जर्सीत राहतो, .२२ बोअरच्या रायफलीने नेमबाजी करतो, आणि सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नेमबाजीच्या संस्थेने २०१५ साली अलाबामातील टॅलाडेगा येथे सुरू केलेल्या रेंजवर मोटारीने जातो. हा प्रवास नऊशेहून अधिक मैलांचा आहे आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, टेनेसी, जॉर्जिया व अलाबामा अशा आठ राज्यांतून जातो. पेटी मजबूत आहे, याविषयी फारसा वाद नाही. या आठही राज्यांत ती मला कायद्याच्या चौकटीत ठेवते की नाही, एवढेच मला पाहायचे होते.

भारतात शस्त्र परवान्यावरच तो कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे हे लिहिलेले असते. अमेरिकेत देशभर चालणारा असा एकच कागद नाही. प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र आहे आणि राज्याची हद्द ओलांडताच नियम बदलतात. या गुंतागुंतीवर तोडगा म्हणून १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने प्रवाशांना एक संरक्षण दिले, जे संघीय संहितेच्या अठराव्या विभागातील कलम ९२६-ए मध्ये आहे. जिथून निघालो तिथे आणि जिथे पोहोचायचे तिथे ती बंदूक बाळगणे व नेणे आपल्यासाठी कायदेशीर असेल, बंदूक रिकामी असेल, आणि बंदूक व काडतुसे ही दोन्ही प्रवाशांच्या जागेतून सहज हाती येण्यासारखी नसतील, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही असला तरी त्या राज्यातून जाता येते. डिकी वेगळी असलेल्या गाडीत ती बंद करून टाकली की पुष्कळसे काम भागते. ज्या गाडीत चालकाच्या जागेपासून वेगळा कप्पा नाही, तिच्यात मात्र कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डचा किंवा दोन आसनांमधला कप्पा त्यासाठी चालत नाही, असे कलमातच म्हटले आहे.

आपल्या लोकांच्या दारात मिनीव्हॅन नाहीतर एसयूव्ही उभी असते, आणि तिला खऱ्या अर्थाने डिकी नसते. मागच्या आसनावर बसलेले मूल हात मागे करून सामानातून चिवड्याची पिशवी काढू शकते. अशा गाडीत कायद्याला अपेक्षित असलेला वेगळा कप्पा म्हणजे प्रत्यक्षात ही पेटीच असते. म्हणून ती विकत घेताना आतल्या फोमपेक्षा कुलपाची जागा आधी पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

१७५० ची आतील लांबी साडेपन्नास इंच, रुंदी साडेतेरा इंच आणि खोली सव्वापाच इंच आहे. बाहेरून ती त्रेपन्न इंच भरते. हा त्रेपन्नाचा आकडा खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन गाडीत तपासावा, कारण पुष्कळ एसयूव्हींमध्ये मागच्या चाकांच्या कमानींमधील अंतर याहून कमी असते आणि पेटी आडवी बसत नाही. मग मागच्या आसनाचा एक भाग पाडून ती उभी सरकवावी लागते, म्हणजेच तिचे एक टोक प्रवाशांच्या जागेत येते. नुसत्या मऊ पिशवीत रायफल असती, तर इथेच कायद्याचा प्रश्न उभा राहिला असता. पेटीला कुलूप असल्यामुळे तो उरत नाही.

झाकणाच्या कडेला कुलपासाठी ठेवलेल्या छिद्रांना स्टेनलेस स्टीलचे संरक्षक पत्रे बसवलेले आहेत. या पेटीचे माझ्या लेखी सर्वांत मोठे गुण दोन: हे पत्रे आणि झाकणाचा ताठपणा. स्वस्त प्लास्टिकच्या पेट्यांनाही कुलपाची छिद्रे असतात, परंतु कुलूप लावल्यानंतर झाकणाचा मोकळा कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तर तो इतका वाकतो की आत बोटे शिरतात. अशा पेटीला कुलूपबंद म्हणावे की नाही, हा वाद रात्री अकरा वाजता महामार्गाच्या कडेला पोलीस अधिकाऱ्याशी घालण्याची कोणाची इच्छा असेल, असे मला वाटत नाही. १७५० चे झाकण ओढून वाकत नाही. कुलपे पेटीसोबत मिळत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात. एकाच किल्लीने उघडणारी घेतल्यास सोयीचे पडते. याच पेटीतून पुढे विमानप्रवास करायचा असेल, तर संघीय नियमानुसार किल्ली किंवा आकड्यांची जुळणी फक्त प्रवाशाकडेच असली पाहिजे, म्हणून सुरक्षा यंत्रणेच्या मास्टर किल्लीने उघडणारी सामानाची कुलपे मी या पेटीला लावत नाही.

न्यू जर्सीचा कायदाही या पेटीला अनुकूल आहे. तिथे रायफल रिकामी असावी आणि बंद व पक्क्या बांधलेल्या पेटीत, किंवा कुलूपबंद डिकीत असावी, आणि वाट वाजवी कारणाशिवाय वाकडी करू नये, अशी अपेक्षा आहे. पेनसिल्व्हेनियात भरलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही, रिकामी चालते. एक्याऐंशी क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गावर मेरीलँड जेमतेम बारा मैलांत संपते आणि वेस्ट व्हर्जिनिया सव्वीस मैलांत. त्यानंतरचा सव्वातीनशे मैलांचा व्हर्जिनियाचा पट्टा आणि पुढील दक्षिणेकडची राज्ये माझ्यासारख्या साध्या रायफलीपुरती कायद्याच्या दृष्टीने सैल आहेत. माझी रायफल एकेक काडतूस भरण्याची, बोल्ट ॲक्शनची (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारी, हाताने सरकवायची खीळ) असल्याने मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे भरून ठेवण्याच्या डबीच्या, क्षमतेचा प्रश्न मला येत नाही. ज्यांना तो येतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे की न्यू जर्सी व न्यू यॉर्कमध्ये दहापेक्षा अधिक काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी आहे आणि कलम ९२६-ए च्या मजकुरात बंदूक व काडतुसे यांचाच उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही. काडतुसांचेही तसेच आहे. पोकळ टोकाच्या, म्हणजे होलो पॉइंट गोळ्यांवर न्यू जर्सीत कडक निर्बंध आहेत. स्पर्धेसाठी वापरली जाणारी .२२ ची काडतुसे साध्या गोल शिशाच्या टोकाची असतात, त्यामुळे हाही अडथळा माझ्या वाट्याला येत नाही.

वाटेतील शाळांचा मुद्दा पेटी निमूटपणे सोडवते. संघीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आत बंदूक बाळगणे गुन्हा आहे. पेट्रोल भरायला महामार्गावरून खाली उतरलो, तर नकळत अशा टापूत शिरणे सहज शक्य आहे. बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असेल, तर या कायद्यातच सूट आहे. पोस्टाच्या बाबतीत अशी सूट नाही. टपाल कार्यालयाच्या वाहनतळावरसुद्धा गाडीत बंदूक ठेवणे निषिद्ध आहे, तेव्हा वाटेत पत्र टाकण्याचा मोह टाळावा. व्हर्जिनियात राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या स्कायलाइन ड्राइव्हवर वळणार असाल, तर २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याचा शस्त्रविषयक कायदा लागू होतो. उद्यानाच्या शासकीय इमारतींत मात्र बंदूक नेता येत नाही.

मुक्कामाचा विषय मात्र या पेटीच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तिच्या परीक्षणांत तो क्वचितच वाचायला मिळतो. २००५ साली युटामधील रेव्हेल नावाचा एक प्रवासी सॉल्ट लेक सिटीहून न्यू जर्सीतील नेवार्कमार्गे पेनसिल्व्हेनियातील ॲलेनटाउनला निघाला होता. त्याने बंदूक सामानात कुलूपबंद करून, रीतसर सांगून विमानात दिली होती. नेवार्कला पुढचा प्रवास हुकला, सामान त्याच्या ताब्यात मिळाले आणि ते घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने पुन्हा बंदूक असल्याचे सांगितले, तेव्हा त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, परंतु त्याने विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीविरुद्ध केलेला दावा तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. हॉटेलातील त्या रात्री बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून कलम ९२६-ए चे संरक्षण त्याला मिळत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ही राज्ये याच न्यायालयाच्या कक्षेत येतात. पेटी कितीही भक्कम असली, तरी ती खोलीत नेऊन पलंगाजवळ ठेवली की प्रवास थांबला आणि ताबा सुरू झाला, असे मानले जाऊ शकते.

म्हणून मुक्काम अशा राज्यात करावा, जिथे संघीय संरक्षण नसले तरी स्थानिक कायद्यानेच आपली रायफल बाळगता येते. या मार्गावर व्हर्जिनियातील रोअनोकच्या परिसरात थांबणे मला सोयीचे वाटते, कारण अंतराच्या हिशेबाने ते जवळपास मध्यावर पडते आणि तिथे पेटी खोलीत नेण्यात अडचण नसते. उत्तरेकडे, न्यू यॉर्क व मॅसॅच्युसेट्स ओलांडून मेन राज्यात जाणाऱ्यांनी मधल्या राज्यांत रात्र काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन, विशेषतः सोबत पिस्तूल असेल तर.

पेटी खोलीत नेण्याचे आणखी एक कारण चोरीचे आहे. फोमसह रिकाम्या पेटीचे वजन साधारण साडेबारा किलो असते, त्यात रायफल भरली की ती जड होते. चाके उत्तम असल्याने ती ओढत नेणे सोपे जाते, पण ते चोरालाही तितकेच सोपे जाते. पेटी कुलूपबंद असली तरी ती गाडीला जखडलेली नसते. जेवणासाठी थांबताना पोलादी केबल हँडलमधून ओवून गाडीतील सामान बांधण्याच्या कडीत अडकवावी. पेटी दिसायला साधी व काळी आहे, बघणाऱ्याला ती कॅमेऱ्याच्या किंवा वाद्याच्या सामानाची वाटते. बंदूक कंपन्यांचे स्टिकर चिकटवून तिचा हा गुण घालवू नये.

आतील फोमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मागे आकडा असलेला स्पर्धेचा कुंदा (रायफलीचा खांद्याला टेकवायचा भाग) सव्वापाच इंचांत तसाच बसत नाही, आकडा काढून बाजूला ठेवावा लागतो. बोल्ट मी वेगळा काढून ठेवतो आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, झेंडी घालतो, म्हणजे पेटी उघडायची वेळ आली तर रायफल रिकामी असल्याचे बघताक्षणी कळते. काडतुसे दुसऱ्या लहान कुलूपबंद डब्यात जातात. संघीय कलमात ती वेगळ्या पेटीत असावीत असे म्हटलेले नाही, पण राज्यागणिक नियम तपासत बसण्यापेक्षा हे सोपे पडते. घरी परतल्यावर रायफल या पेटीत मुक्कामाला ठेवू नये. झाकणाचे रबर हवा आत-बाहेर जाऊ देत नाही, अलाबामातील दमट हवा फोममध्ये अडकून राहते आणि नळीवर गंज चढतो. कंपनीची हमी आजन्म आहे, पण तीत शार्कचा चावा, अस्वलाचा हल्ला आणि पाच वर्षांखालील मुलांनी केलेले नुकसान धरलेले नाही. कंपनीने ते गमतीने लिहिले असले, तरी आमच्या घरापुरते तिसरे कलम मला अगदी रास्त वाटते.

पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून इथल्या मराठी मंडळींकडून मला या खेळाविषयी विचारणा होते, आणि पेटी कोणती घ्यावी हा प्रश्न बरेचदा रायफलीच्या आधी येतो. एच-वन-बी, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मी पेटीचे नाव सांगत नाही. संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे सामान्यतः गुन्हा आहे. वैध शिकारी परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय रेंजवर भाड्याची बंदूकही हाती घेऊ नये. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही, परंतु न्यू जर्सीत रायफल घेण्यासाठी राज्याचे फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड आधी लागते, आणि प्रवासात ते जवळ बाळगावे. नायगारा बघायला जाताना पलीकडे कॅनडात फेरी मारण्याचा बेत असेल, तर रायफल घरीच राहू द्यावी, कारण कलम ९२६-ए अमेरिकेच्या सीमेपाशी संपते आणि कॅनडात शिरताना शस्त्राची वेगळी लेखी नोंद करावी लागते.

या पेटीची किंमत तीनशे डॉलरच्या पुढे जाते, आणि कुलपांचा खर्च वेगळा. ज्यांच्याकडे सेडान आहे आणि डिकीला कुलूप लागते, ज्यांची वाट रेंजपर्यंतची, एकाच राज्यातील आहे, त्यांनी हा खर्च करू नये. कुलूप लावल्यावर कोपरा न वाकणारी कोणतीही साधी पेटी त्यांना पुरेशी आहे. मिनीव्हॅन किंवा एसयूव्हीतून राज्यांच्या हद्दी ओलांडणाऱ्यांनी मात्र, सव्वापाच इंचांच्या खोलीत आपला कुंदा बसतो का हे मोजून, ती घ्यावी.