गोव्यातल्या चार मजली इमारतीसाठी गियरलेस मोटर

सहा माणसांच्या, म्हणजे ४०८ किलोच्या लिफ्टला परमनंट मॅग्नेटची (कायम चुंबकाची) गियरलेस, म्हणजे मधे गियर न ठेवता दोराची पुली थेट फिरवणारी मोटरच घ्यावी. गियरवाली स्वस्त पडते खरी, पण वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि ब्राँझच्या चाकाच्या घर्षणात बरीच वीज वाया जाते. ऑइल सील गळून तेल ब्रेकवर आलं की लिफ्ट मजल्याशी नीट थांबत नाही, तो धोकाच. गियरलेसमध्ये गियरचं तेल नाही, वेगळी मशीन रूमही टाळता येते. मात्र पणजी, वास्कोसारख्या ठिकाणी खारी, दमट हवा ब्रेक आणि एन्कोडरचे (मोटरचा वेग व स्थिती मोजणारा सेन्सर) कनेक्टर गंजवते. एन्कोडरचा सिग्नल तुटला की ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) लिफ्ट बंद पाडतो. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच दोन्ही तपासून घ्या. दोनमजली बंगल्याला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्टही चालेल. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी कोटेशनमध्ये आहे ना, ते आधी पाहा.