तेलकट पण तहानलेली त्वचा: जेल घ्यावं की पातळ लोशन?

माझा चेहरा दुपारी तीनला तुकतुकतो आणि तरीही हसलं की गाल ओढतो. हे वाक्य ज्यांना विचित्र वाटणार नाही त्यांच्यासाठीच हे लिहितोय. कपाळावर तेल, नाकाच्या कडेला पापुद्रे, आणि तोंड धुतल्यावर पाच मिनिटांत कुणी कातडी मागून खेचून बांधल्यासारखं वाटतं. मेडिकलवाल्याला सांगायला जावं तर तो एकच शब्द ऐकतो, ‘तेलकट’, आणि काउंटरवर मॉइश्चरायझरचं जेल ठेवतो.

मी जेल दोन वर्षं वापरलं. त्यानंतर सिरॅमाइड आणि ग्लिसरीन असलेल्या पातळ लोशनवर आलो, त्यालाही आता तीन उन्हाळे झाले. दोन्हींत वाईट काही नाही. निवड करायची असेल तर माझा अनुभव हिशोबात धरा, पण शेवटी चेहरा तुमचा आणि गावची हवाही तुमची.

‘चेहऱ्यावर एवढं तेल आहे, मग आणखी चोपडायचं कशाला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. माझ्या आईने तर शंभरदा विचारला असेल. गोम अशी की चेहऱ्यावर दिसणारं तेल आणि त्वचेतलं पाणी धरून ठेवणारी चरबी या दोन वेगळ्या गोष्टी. सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी विटा मानल्या, तर त्यांच्या दरजा भरतात त्या सिरॅमाइडं, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं. त्यातही वजनाने जवळजवळ निम्मा वाटा सिरॅमाइडांचा. तैलग्रंथींतून येणारं तेल निराळं. त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालीन असतं, सिरॅमाइडं नसतात. म्हणून वरून कितीही तेल पाझरलं तरी उघड्या दरजा उघड्याच राहतात आणि पाणी उडत राहतं. मग आपण चिडून दिवसातून चारदा फेसवॉश वापरतो, दरजा आणखी मोकळ्या होतात. साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे अंगाच्या साबणाने तोंड धुण्याबद्दल बोलतच नाही. कमी फेसाचा फेसवॉश दिवसातून दोनदा, एवढं गृहीत धरून पुढे जाऊ. डाळीच्या पिठाने रोज खसाखसा घासणाऱ्यांनाही हेच लागू.

आता जेल. त्याची बाजू मनापासून मांडतो, कारण सुरुवातीला मी त्याच्या प्रेमातच होतो. गार लागतं, अर्ध्या मिनिटात मुरतं, लावलंय हे आपल्यालाही कळत नाही. हेल्मेट घालून चाळीस मिनिटं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्याला ही लहानसहान गोष्ट नाही. घाम आला तरी जेल ओघळत नाही, दाढीच्या खुंटात पांढरं दिसत नाही. बहुतेक जेलांचा भर हायलुरॉनिक ॲसिडवर असतो. १९३४ साली मेयर आणि पामर या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं काढलं, काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं. पाणी धरायला ते पटाईत. पण त्याचे रेणू अवाढव्य, त्यामुळे ते मुख्यतः वरच बसतं. वर बसलेल्याने पाणी कुठून आणायचं? हवेत ओल असेल तर प्रश्न नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, त्यात ऑफिसचा एसी, तेव्हा मला तरी अकरापर्यंत गाल पुन्हा ओढायला लागायचे. ओल्या चेहऱ्यावर लावलं की जरा बरं. तेही करून पाहिलं, अकराचे बारा झाले.

पण खरं सांगू, ओढ मी सोसली असती. मला घालवलं ते वळ्यांनी.

दिवाळीच्या पहाटे उटणं चोळलं की अंगावरून कशा वळ्या सुटतात, तशाच. सकाळी जेल लावायचं, ते मुरलंसं वाटायचं, त्यावर सनस्क्रीन घ्यायचं, आणि दुसऱ्या फेरीला बोट फिरवलं की गालावरून पांढऱ्या शेवया निघायला सुरुवात. भुवयांत, कल्ल्यांत, नाकपुडीच्या खाचेत. पुसायला जावं तर जेलही निघतं आणि सनस्क्रीनही, म्हणजे पुन्हा तोंड धुवा, पुन्हा पहिल्यापासून. घाईत तसाच निघालो तर उरलेलं काम हेल्मेटचा स्पंज करायचा. एकदा गडद निळा शर्ट घालून मीटिंगला बसलो आणि शेजारच्या सहकाऱ्याने अगदी काळजीने, हळू आवाजात विचारलं, ‘तुला कोंडा झालाय का रे? माझ्याकडे चांगला शॅम्पू आहे.’ त्याला काय सांगणार की बाबा, हा कोंडा नाही, हे माझं सनस्क्रीन आहे, सहाशे रुपयांचं!

यामागचं कारण नंतर समजलं. जेलला जेलपण येतं ते कार्बोमर किंवा झँथन गमसारख्या घट्ट करणाऱ्या पदार्थांमुळे. पाणी उडालं की त्यांचा पातळ पापुद्रा चेहऱ्यावर राहतो. त्यावर सिलिकॉनवालं सनस्क्रीन चोळलं की पापुद्रा सुटतो आणि गुंडाळला जातो, खोडरबराचा चुरा पडतो तसा. सगळ्या जेलांचं असं होत नाही, सगळ्या सनस्क्रीनांशीही होत नाही. मधे दहा मिनिटं थांबा, चोळू नका, थापटून लावा, जेल कमी घ्या, हे सगळे उपाय मी केले. जेलचे तीन प्रकार आणि दोन सनस्क्रीनं उलटसुलट लावून पाहिली. एक जोडी जमलीही. पण ते सनस्क्रीन घामाने डोळ्यांत उतरून चुरचुरायचं. सकाळी डबा भरायचा, मुलीला रिक्षात बसवायचं, आणि त्यात चेहऱ्यावर दहा मिनिटं काही न करता उभं राहायचं! एवढी निवांत सकाळ ज्याच्या घरी असेल त्याने जेल खुशाल घ्यावं.

लोशनकडे वळलो तो नाखुशीनेच. तेलकट माणसाला लोशन म्हणजे आगीत तूप, असंच डोक्यात होतं. बाटलीही बेताची, रुग्णालयातून आणल्यासारखी. पहिल्या आठवड्यात हनुवटीवर दोन पुटकुळ्या आल्या. त्या लोशनमुळे आल्या की त्याच आठवड्यात झालेल्या मिसळ-पार्ट्यांमुळे, देव जाणे. चकाकीही येते, नाकारत नाही. लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी ताज्या पॉलिश केलेल्या बुटासारखा दिसतो. नंतर ती उतरते.

माझी चूक प्रमाणात होती. जेलच्या सवयीने मी दोन पंप घेत होतो. आता वाटाण्याएवढं घेतो, तोंड धुऊन टॉवेलने नुसतं टिपलं की ओलसर असतानाच लावतो, गालांवर आधी आणि कपाळावर हाताला उरलेलं. एवढ्यावर दिवस निघतो. ग्लिसरीनचा रेणू इवलासा, तो आत उतरतो. सिरॅमाइडं दरजांच्या कामाची. ग्लिसरीन तर इतकं स्वस्त की कंपन्या त्याची जाहिरात करायलाही लाजतात, पण मला विचाराल तर बाटलीतलं खरं कष्टाळू तेच. घटकांच्या यादीत ते पाण्याच्या लगेच पाठोपाठ दिसलं तर बाटली हातात घ्या, अगदी शेवटी दिसलं तर परत ठेवा. निअसिनमाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असेल तर दुधात साखर, कारण ते त्वचेला स्वतःची सिरॅमाइडं बनवायला मदत करतं. मात्र दहा टक्केवालं सीरम वेगळं घ्यायची घाई नको, माझा चेहरा त्याने लाल झाला होता. लोशनमध्ये असतं तेवढं पुरे.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, या शब्दावर दोघांचेही विक्रेते फार विसंबतात. जेलवर असतो, लोशनवरही असतो. त्याच्या जुन्या चाचण्या सशाच्या कानावर व्हायच्या. माझी हनुवटी सशाचा कान नाही, तुमचीही नसावी. नवीन काही घेतलं तर आठवडाभर जबड्याच्या एकाच बाजूला लावून बघा.

आणि वळ्या? लोशनवर तेच जुनं सनस्क्रीन लावतो, दोन मिनिटांच्या आत, चोळून, गाडीची किल्ली शोधता शोधता. एकही वळी नाही. म्हणजे अगदी नाहीच असं नको म्हणायला. दाढी करायला आळस केला की खुंटात एखादी सापडते. पण शर्टावर काही पडत नाही. गाल ओढायची वेळही अकरावरून थेट संध्याकाळी चार-पाचवर गेली. गंमत म्हणजे दुपारचं तेलही मला कमी वाटतं. पूर्वी जेवणानंतर तीन टिश्यू लागायचे, आता एक. त्वचा शांत झाली म्हणून, की मी फेसवॉश कमी केला म्हणून, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच महिन्यात केलं होतं.

आता तुमचं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात राहत असाल, दिवसभर घामात असाल आणि एसीत बसत नसाल, तर लोशन जड वाटण्याची शक्यता आहे. माझी मावसबहीण दादरला राहते, तिची त्वचाही माझ्यासारखीच, आणि ती जेलवर खूश आहे. तिच्याकडे हवाच ओली, शिवाय ती सनस्क्रीन लावत नाही (यावर आमचं भांडण वेगळं). पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ, किंवा कुठेही राहून आठ तास एसीत, असं असेल तर मी लोशनच म्हणेन. मुरुमांसाठी ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर दुसरा विचारही करू नका, ती औषधं चेहरा असा सुकवतात की जेल त्यापुढे अपुरं पडतं. दोन्ही एकत्र, म्हणजे खाली जेल आणि वर लोशन, असंही लोक करतात. मी केलं नाही. वळ्यांची धास्ती.

एक मात्र बघून घ्या. नाकाच्या कडेला आणि भुवयांत पापुद्र्यांबरोबर लाली आणि खाज असेल, पापुद्रे पिवळट, चिकट असतील, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेचा एक आजार, असू शकतो. तिथे जेल-लोशनचा वाद घालत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

जेलची शेवटची डबी अजून फ्रिजच्या दारात आहे, अर्धी. जूनमध्ये सासरी चिपळूणला जातो तेव्हा पिशवीत टाकतो. तिथे पावसात बाहेर पडायचं नसतं, सनस्क्रीनही घरीच राहतं, आणि मग जेल गालावर मुकाट बसतं.