कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास: दोन तासांत उरकू नका

न्यूयॉर्कहून नायगाराला जाणाऱ्या टूरच्या बसेस वाटेत कॉर्निंगला थांबतात. दीड-दोन तास मिळतात. त्यातले निम्मे खाण्यात, रांगेत आणि दुकानात जातात. मुलांकडे अमेरिकेत आलेल्या कित्येक आईवडिलांना हे म्युझियम असं धावतपळतच दिसतं आणि त्याची खरोखर हळहळ वाटते. काचेचा साडेतीन हजार वर्षांचा प्रवास एका छपराखाली इतका नीट मांडलेला दुसरीकडे सापडणं कठीण आहे. आपली गाडी असेल तर न्यूयॉर्कपासून साधारण साडेचार तास लागतात, नायगारापासून अडीच. तिकीट सलग दोन दिवस चालतं आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. दुपारी पोचावं, काच फुंकण्याचा एक प्रयोग आणि जुनी दालनं बघावीत, गावातच मुक्काम करावा आणि उरलेलं सकाळी बघावं. उन्हाळ्यात म्युझियम संध्याकाळी जास्त वेळ उघडं असतं. वेळा आणि दर निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.

हे गाव काचेवरच वाढलं. १८६८ साली ब्रुकलिनहून एक काचकारखाना शेमंग नदीकाठी आला. एडिसनच्या दिव्यांचे फुगे इथेच बनले, १९१५ मध्ये पायरेक्सची उष्णता सोसणारी काचभांडी बाजारात आली ती इथूनच. पुढे कॉर्निंग नावानेच ओळखल्या गेलेल्या या कंपनीचं मुख्यालय अजून गावात आहे, पण जुन्या भट्ट्या बहुतेक विझल्या. १९१२ साली बांधलेला 'लिटल जो' हा १८७ फुटी पांढरा मनोरा मात्र उभा आहे. थर्मामीटरची बारीक नळी सरळ यावी म्हणून तापलेली काच त्यात खालून वर ओढत नेत. म्युझियमही या १८५१ साली सुरू झालेल्या कंपनीनेच शंभरी पूर्ण झाल्यावर, १९५१ मध्ये उभं केलं.

आत शिरल्यावर आधी हॉट शॉप गाठा, दालनं नंतर. जुन्या स्टुबेन काचकारखान्याच्या इमारतीत पाचशे माणसं बसतील असं प्रेक्षागृह केलं आहे आणि समोर भट्टी चालू असते. वितळलेली काच साधारण ११५० अंश सेल्सिअसला असते. पोकळ नळीचं टोक आत घालून, फिरवत फिरवत, चमच्यावर काकवी घ्यावी तसा काचेचा गोळा उचलतात. नळी फिरायची थांबली की गोळा एका बाजूला लोंबतो, म्हणून बाकावर बसलेल्या कारागिराचा डावा हात नळी सतत फिरवत असतो. उजव्या हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी असते आणि तिच्यावर तो गोळ्याला आकार देतो. कागद जळून जात नाही, कारण पाण्याची वाफ मध्ये राहते. काच निवली की 'ग्लोरी होल' नावाच्या दुसऱ्या भट्टीत पुन्हा तापवायची, असं कितीतरी वेळा चालतं.

नजर हटू देऊ नये असा क्षण पुढे येतो. भांडं नळीवरून सुटून दुसऱ्या सळईवर जातं, त्याशिवाय तोंड उघडता येत नाही. त्या सळईला पाँटी म्हणतात. तिच्या टोकाला गरम काचेचा छोटा ठिपका असतो, तो भांड्याच्या बुडाला चिकटवतात. मानेपाशी आधीच चिमट्याने खाच केलेली असते, तिथे पाण्याचा थेंब आणि नळीवर एक हलका ठोका. ठिपका फार गरम असेल तर तो बुडात रुततो आणि शेवटी सुटताना बूड घेऊनच निघतो. फार गार असेल तर भांडं मध्येच निसटून जमिनीवर. तयार वस्तू ४८० अंशांच्या आसपास तापवलेल्या कपाटात जाते आणि रात्रभर हळूहळू निवते. तशीच बाहेर ठेवली तर पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग मागे राहतो आणि त्या ताणाने काच तडकते, कधी काही मिनिटांत तर कधी काही दिवसांनी.

एवढं पाहून जुन्या दालनात गेलात की वस्तू निराळ्याच दिसतात. पेल्यांची बुडं न्याहाळा, पाँटी तोडल्याचा खरबरीत वण दिसेल. रोमन बाटल्यांवरची इंद्रधनुषी झाक कारागिराने दिलेली नाही, शतकानुशतकं जमिनीत राहून काचेचा वरचा थर झिजल्याने ती आली आहे. इजिप्तचा राजा दुसरा आमेनहोतेप याचं मानलं जाणारं काचेचं मस्तक चुकवू नका. उंची जेमतेम ४ सेंटीमीटर, त्यामुळे गर्दीत नजरेतून सहज सुटतं. मूळची निळी काच आता मातकट झाली आहे. फुंकण्याचं तंत्र सापडण्याआधी तेराशेहून जास्त वर्षं ही काच घडवली गेली. इसवी सन १०००च्या सुमाराची 'कॉर्निंग ईवर' ही सुरईही अशीच थांबून बघण्याची आहे. बिनरंगी काचेवर हिरव्या काचेचा थर चढवून तो जवळजवळ सगळा कोरून काढला आहे, पशुपक्ष्यांच्या बारीक रेषा तेवढ्या उरल्या आहेत. एक चूक झाली असती तर सगळं गेलं असतं.

विज्ञानाच्या विभागात मुलं रमतात, पण मोठ्यांनी २०० इंची तबकडीसमोर थांबावं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी २५ मार्च १९३४ला ओतलेली ही पहिली काचेची तबकडी. मागच्या बाजूला पोकळ्या राहाव्यात म्हणून साच्यात ठोकळे बसवले होते. त्यांना धरून ठेवणारे बोल्ट उष्णतेने निकामी झाले आणि ठोकळे काचेच्या रसावर तरंगू लागले. डिसेंबरात पुन्हा ओतली ती जमली आणि दहाएक महिने निवत ठेवली. आज दुर्बिणीत आहे ती दुसरी. फसलेला प्रयत्न इतक्या मानाने मांडून ठेवणारं म्युझियम आवडतं. मात्र याच विभागात कंपनीच्या यशाचा सूर फार वरचा लागतो. भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या कामगारांबद्दल अजून बरंच सांगायला हवं होतं.

१९७२च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाच्या पुरात म्युझियममध्ये पाच फुटांहून जास्त पाणी चढलं, पाचशेवर वस्तूंना इजा झाली, ग्रंथालय चिखलात गेलं. १९८०ची इमारत म्हणूनच उंचावर उचलून बांधली आहे.

समकालीन काचेचं पांढरंशुभ्र दालन २०१५चं. छतातून गाळलेला दिवसाचा प्रकाश येतो, त्यामुळे इथे सकाळी जावं. अंधारल्यावर निम्मी मजा जाते. भिंती वळणदार आहेत, ठरलेला मार्ग नाही, तेव्हा भरकटायची तयारी ठेवा. लिझा लू यांचं 'कंटिन्युअस माइल' जवळून बघा. लांबून नुसतं दोराचं वेटोळं वाटतं. दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं की मैलभर लांबीच्या त्या दोराचं अख्खं अंग काचेच्या मण्यांनी विणलेलं आहे. फ्रेड विल्सन यांचं मुरानो काचेचं झुंबर पारदर्शक काचेपासून काळ्याकुट्ट रंगापर्यंत उतरत जातं.

स्वतः काच करून बघण्याच्या सत्राचे पैसे वेगळे असतात आणि सुट्ट्यांत जागा लवकर भरतात, आधी आरक्षण करा. बंद बूट आणि सुती कपडे घाला, नायलॉन-पॉलिएस्टर भट्टीजवळ नको. भट्टीतली वस्तू त्याच दिवशी हातात येत नाही, कारण अर्थातच ते रात्रभराचं निवणं. म्हणून सत्र पहिल्या दिवशी घ्या. मुक्काम नसेल तर सँडब्लास्टिंगचं, म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने काचेवर नक्षी काढण्याचं, सत्र घ्यावं, ती वस्तू लगेच मिळते.

दुकान प्रचंड आहे आणि मोह होतोच. विमानाने न्यायचं असेल तर लांब मानेच्या, पातळ दांड्याच्या वस्तू टाळा, जाड बुडाच्या घ्या. पोकळ भांड्याच्या आत कागद भरून मग बाहेरून गुंडाळा, आणि बॅगेत कडेला न ठेवता मधोमध, चारही बाजूंनी कपडे देऊन ठेवा.