टिनआय : हा फोटो आधी कुठे दिसला होता?

शेवटचं पान सोडायला पंधरा मिनिटं उरली होती आणि बातमीदाराने ग्रुपवर पुराचा फोटो टाकला. छातीभर पाण्यातून एक माणूस चाललाय, डोक्यावर शाळेचं दप्तर धरलंय, दप्तराचा लाल पट्टा लोंबून पाण्याला टेकलाय. पाहताक्षणी पहिल्या पानावर लावावा असा फोटो. मी तो उतरवून घेतला, टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर टाकला आणि निकाल सर्वात जुन्यापासून लावून घेतले. सगळ्यात वर चार वर्षांपूर्वीची तारीख आली.

फोटो डेस्कवर मी ही सेवा रोज वापरते, म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं. टोरांटोच्या इदे या कंपनीने ती २००८ मध्ये सुरू केली. फोटो देऊन फोटो शोधायची सोय गुगलने २०११ मध्ये आणली, म्हणजे टिनआय तिच्याहून जुनी. खातं उघडावं लागत नाही. फोटो टाकायचा किंवा त्याची लिंक चिकटवायची, एवढंच.

गुगल लेन्सला पुराचा फोटो दिला की ते पुरासारखे दिसणारे आणखी फोटोही समोर आणतं. एखादी इमारत किंवा रस्ता ओळखायचा असेल तेव्हा त्याचा खूप उपयोग होतो. टिनआय मात्र फोटोत काय आहे याच्या भानगडीत पडत नाही. ती फक्त तोच फोटो शोधते, मग तो कापलेला असो, लहान केलेला असो किंवा रंग बदललेला असो. डेस्कवर मला बहुतेक वेळा हेच हवं असतं. निकालांचा क्रमही आपल्याला हवा तसा लावता येतो : सर्वात जुना, सर्वात नवा, सर्वात मोठा, सर्वात जास्त बदललेला. यातला 'सर्वात मोठा' फारसं कोणी वापरत नाही, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यावर आहे. फोटो फिरत फिरत लहान आणि धूसर होत जातो, त्यामुळे मोठी प्रत बहुधा मूळच्या जवळची असते.

तुलनेची सोयही आहे. आपला फोटो आणि सापडलेला फोटो एकाच जागी आलटून पालटून दिसतात. त्या रात्री मी तेच केलं. आमच्याकडे आलेल्या फोटोची डावी कड कापलेली होती. जुन्या, मोठ्या फोटोत त्या कडेला दुकानाची पाटी होती आणि पाटीवरची लिपी आपली नव्हतीच. देशच वेगळा. कड कोणी मुद्दाम कापली की आपोआप कापली गेली, ते मला सांगता येणार नाही. पण फोटो ओळखायची एकमेव खूण त्या कापलेल्या पट्टीत होती.

पुरात भरलेल्या रस्त्यावर गाडीशेजारी पोहणाऱ्या शार्कचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. २०११ मध्ये आयरीन वादळानंतर तो पोर्तो रिकोचा म्हणून फिरला, २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनचा म्हणून. त्यातला शार्क छायाचित्रकार थॉमस पेशाक यांच्या फोटोतून उचललेला आहे. मूळ फोटोत तो समुद्रात एका कयाकच्या (वल्ह्याच्या छोट्या होडीच्या) मागे दिसतो आणि २००५ मध्ये तो फोटो 'आफ्रिका जिओग्राफिक' मासिकात आला होता. नव्या मुलांना टिनआय शिकवताना मी हाच फोटो देते, पण लगेच पुढची गोष्टही सांगते. २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समधला, घरामागच्या पुराच्या पाण्यात शार्कसारखा मासा दिसणारा व्हिडिओ आला. अनेकांनी तो खोटा ठरवून टाकला आणि तपासल्यावर तो खरा निघाला. तो शार्कच होता का, यावर तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, पण व्हिडिओ बनावट नव्हता. 'हे तर नेहमीचंच' म्हणून न तपासता बाजूला टाकणं हीसुद्धा चूकच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिनआयवर दिसणारी तारीख फोटो काढल्याची नसते आणि छापल्याचीही नसते. त्यांच्या यंत्रणेला तो फोटो पहिल्यांदा कधी सापडला, त्याची ती तारीख. म्हणजे फोटो निदान तेवढा जुना आहे, एवढंच ठामपणे म्हणता येतं. 'हा फोटो अमुक तारखेचा आहे' अशी फोटोओळ तिच्या आधारावर कोणी लिहिली, तर मी ती परत पाठवते.

काहीच सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉनजवळ, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयाजवळ, स्फोट झाल्याचं चित्र पसरलं आणि अमेरिकी शेअर बाजार काही मिनिटांसाठी घसरला. चित्र एआयने बनवलेलं दिसत होतं. असं चित्र जन्मालाच नवं असतं, मग त्याची जुनी प्रत कुठून मिळणार? तिथे फोन उचलावाच लागतो. तेव्हाही पेंटागॉन जिथे आहे त्या आर्लिंग्टनच्या अग्निशमन दलाने स्फोट झालाच नसल्याचं सांगितलं.

व्हिडिओ टिनआय घेत नाही. त्यातले फ्रेम काढून एकेक टाकावे लागतात, त्यासाठी मी इनव्हिड हे ब्राउझरचं प्लगइन वापरते. युद्धाच्या व्हिडिओंत मात्र डोळेच जास्त उपयोगी पडतात. 'आर्मा ३' या गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून इतकी फिरली, की २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हनेच ती कशी ओळखायची ते जाहीर केलं : चित्र धूसर, कॅमेरा हलता, बरेचदा रात्रीचा अंधार, आवाज नाही, हालणारी माणसं जवळजवळ नाहीत. हे मी छापून टेबलासमोर चिकटवलंय.

रोज बातम्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर ज्यांना 'हे खरं आहे का गं?' असं विचारलं जातं त्यांनीही, टिनआय हाताशी ठेवावी. सोबत लेन्स ठेवाच, कारण एकीला सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं.

त्या रात्री बातमीदाराला फोन केला. त्यालाही तो फोटो दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला. तो ओशाळला, मी रागावले नाही. माझ्या डोक्यात तो दप्तरवाला माणूस होता. त्याच्यावर ओढवलेला पूर खराच होता, फक्त वेगळ्या गावातला आणि वेगळ्या वर्षातला, आणि आम्ही त्याला परक्या बातमीत उभं करणार होतो. पहिल्या पानावर त्या जागी पावसाच्या आकड्यांची चौकट लावली. दुसऱ्या दिवशी बातमीदाराने स्वतः काढलेला फोटो आला : चिखल, उलटी पडलेली खुर्ची, भिंतीवर पाण्याची रेघ. तो तीन कॉलम लावला, खाली त्याचं नाव टाकून.