टेक्सासचं वाटून दिलेलं सरकार: 5 पैकी 3 तारे

पूर्वी मी न्यू जर्सीत राहायचे. तिथे राज्याच्या कारभारासाठी गव्हर्नर आणि त्याच्याच जोडीचा लेफ्टनंट गव्हर्नर निवडला की झालं. ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) वगैरे मंडळी गव्हर्नर नेमतो. टेक्सासात मात्र लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, हिशेब पाहणारा कंट्रोलर, जमीन आणि शेती खात्यांचे कमिशनर, शिवाय रेलरोड कमिशनचे तीन सदस्य, सगळे लोकांनी थेट निवडायचे. गव्हर्नर यातल्या कुणालाही घरी पाठवू शकत नाही. यादवी युद्धानंतरच्या काळात गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या हाती फार सत्ता एकवटली, तो राग 1876 च्या राज्यघटनेत उतरला.

आधी चांगलं सांगते. कंट्रोलरच्या वेबसाइटवर नाव टाकून पाहिलं, तर एका जुन्या विम्याचा विसरलेला परतावा मिळाला. स्वतःच्या नावावर मतं मागावी लागतात म्हणून की काय, काम चोख! शिवाय वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकमेकांना वेसण घालतात. 1995 ते 1999 या काळात रिपब्लिकन जॉर्ज बुश गव्हर्नर होते आणि राज्याचं सिनेट, म्हणजे विधिमंडळाचं वरचं सभागृह, चालवणारे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक डेमोक्रॅट. तरी कारभार चालला, बरा चालला.

घोडं अडतं ते दोन खात्यांना एकत्र काम करावं लागलं की. फेब्रुवारी 2021 च्या गोठवणाऱ्या थंडीत वीज गेली. विजेवर देखरेख गव्हर्नरने नेमलेल्या आयोगाची, गॅसवर रेलरोड कमिशनची. (रेल्वेशी त्याचा आता काही संबंध नाही, हे इथल्याही कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.) गॅसच्या काही केंद्रांची 'अत्यावश्यक' म्हणून नोंदच नव्हती, त्यामुळे त्यांचीच वीज कापली गेली, गॅस थांबला, मग वीजनिर्मिती आणखी घटली. सरकारी आकड्यानुसार 246 माणसं गेली. वीज आयोगाच्या तिन्ही सदस्यांनी महिन्याभरात राजीनामे दिले. रेलरोड कमिशनचे तिघे निवडून आलेले, ते जागेवरच राहिले. त्यांना जाब मतदाराने विचारायचा, पण तिघांची नावं सांगू शकणारा मतदार मला अजून भेटायचाय. त्यात मतपत्रिकेवर न्यायाधीशांचीही भलीमोठी रांग असते. पक्षाच्या एका खुणेवर सगळं उरकायची सोय 2020 पासून बंद झाली, ते योग्यच झालं, पण गृहपाठ वाढला. मत द्यायला जाताना नावं कागदावर लिहून न्या, आत फोन वापरू देत नाहीत.

माझ्यापुरतं विचाराल तर ॲटर्नी जनरल आणि कंट्रोलर निवडूनच यावेत, कारण गव्हर्नरला नको असलेलं बोलणारं कुणीतरी हवं. शेती कमिशनर मात्र खुशाल नेमा. पदं कमी करणं अशक्य नाही. वेगळ्या खजिनदाराच्या जागेवर असलेल्या मार्था व्हाइटहेड यांनी 1994 मध्ये 'माझं पदच रद्द करा' म्हणून प्रचार केला आणि निवडूनही आल्या. पुढच्याच वर्षी मतदारांनी ते पद मोडीत काढलं, काम कंट्रोलरकडे गेलं.